एक पेर डाळपुरी

लेकीकडे मॉरिशसला निघालो तेव्हा हिने बॅगेत कांदा-लसूण मसाला, भाजणी आणि मेतकूट ठासून भरलं. "पोरीच्या जिभेची आबाळ होत असेल हो." पोर्ट लुईच्या मंडईत दहा मिनिटं फिरली आणि म्हणाली, "उगाच ओझं आणलं."

भाज्या सगळ्या ओळखीच्या, नावं मात्र भलतीच. भेंडीला लालो. टोमॅटोला पॉम दामूर, म्हणजे प्रेमाचं सफरचंद. "त्या प्रेमाचा किलोचा भाव काय, विचार," ही लेकीला म्हणाली. भाव रुपयांत आला म्हणून खूश झाली. तिथला रुपया आपल्यापेक्षा जड असतो हे कळल्यावर चेहरा उतरला. कोथिंबिरीला कोतोमिली म्हणतात, इथे मात्र तिला दुभाषी लागला नाही. जुडी उचलली, देठ मोडून पाहिला, पाल्याला नाक लावलं, जुडी खाली ठेवली आणि चालू लागली. चौथ्या पावलाला भाजीवाल्याने हाक मारून भाव उतरवला.

बाहेर डाळपुरीच्या गाडीपुढे रांग होती. 1834 पासून इथल्या ऊसमळ्यांत राबायला भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर आले, त्यांत आपली मराठी माणसंही होती. पण ही पुरी बिहारकडच्यांची. नाव पुरी, तळत मात्र नाहीत, तव्यावर भाजतात. आत शिजवून वाटलेली पिवळी डाळ. "गूळ विसरलेली पुरणपोळी," हिने निकाल दिला.

"एन पेर?" गाडीवाल्याने विचारलं. पेर म्हणजे उसाचं, एवढंच आम्हा कोल्हापूरकरांना ठाऊक. इथे पेर म्हणजे जोडी. डाळपुरी एकटी मिळत नाही. त्याने दोन पुऱ्या एकीवर एक टाकल्या, वर पावट्यासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय, आणि हात थांबवला. "पिमाँ?"

"मिरची विचारतोय, बाबा. जपून हं," जावई म्हणाले.

जावयाने असं म्हटल्यावर प्रश्न मिरचीचा राहत नाही, तांबड्या रश्श्याच्या अब्रूचा होतो. मी दोन बोटं दाखवली. त्याने हिरव्या ठेच्याचे दोन चमचे फासून, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

पहिला घास फार सुरेख लागला, मऊसूत. दुसऱ्याला डावा कान बंद झाला. तिसरा घास मी केवळ जावई बघत होते म्हणून खाल्ला.

मला हाताला धरून आलुदाच्या दुकानी नेण्यात आलं. थंड दूध, सब्जा, जेलीचे धागे. "अगं, हा तर आपला फालुदा!" ही हरखून लेकीला दाखवत होती. मी तिसऱ्या ग्लासावर होतो. बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गाडीवर गेलो. गाडीवाल्याने मला पाहिलं आणि काही न विचारता ठेच्याचा डबा उचलून पलीकडे सरकवला.

हिने हात लांब करून तो अलीकडे ओढला.