सरकीचं दार

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात कोणी काम सांगत नाही, आणि त्याने स्वतःहून काढलेलं काम कोणी थांबवू शकत नाही. या दोहोंच्या मध्ये आमचं पुढलं दार सापडलं.

निमित्त भाचीचं. ती अमरावतीला, संत गाडगेबाबा विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात तेल आणि रंग हा विषय शिकते. उन्हाळ्यात अकोल्याला आली तेव्हा सांगत होती, की ऑइलपेंटचा जीव म्हणजे अल्किड रेझिन आणि ते बियांच्या तेलापासून होतं. तेल अन् ग्लिसरीन २४० अंशांच्या आसपास शिजवायचं, थेंब मेथॅनॉलमध्ये स्वच्छ विरघळला की थॅलिक अनहायड्राइड घालायचं, सुटणारं पाणी काढत राहायचं आणि आम्लता उतरली की थांबायचं. थांबायला उशीर झाला तर रबरी गोळा होतो, तो भांड्यासकट फेकावा लागतो. मला यातलं ‘शिजवायचं’ तेवढं नीट ऐकू आलं.

“मामा, घरी नका करू,” ती म्हणाली. थॅलिकच्या वाफा डोळ्याघशाला झोंबतात. ते आणून द्यायला तिने साफ नकार दिला. मग मी जुन्या पद्धतीवर आलो, तेलात राळ वितळवून वार्निश. “निदान तेल तरी जवसाचं घ्या.” पण जवस आमच्या लेखी चटणीची वस्तू. कापसाच्या गावात जन्म काढलेल्या माणसाने दाराला दुसरं तेल लावायचं? मी सरकीचा डबा आणला.

परसात शेगडी मांडली. राळ वितळली, तेल ओतलं, फेस काठापर्यंत चढला आणि ‘कोणाचं काय करपून राह्यलं?’ विचारत गल्ली जमा झाली. खिडकीतून ही म्हणाली, “अहो, ती कढई माझ्या लग्नातली आहे.” ‘होती’ म्हणायचं मी टाळलं. थेंब बोटांत धरून ओढला, तर जिलबीच्या पाकासारखी तार निघाली. मी खूश. शेगडी विझवून टर्पेंटाइन घातलं (एवढी अक्कल शाबूत होती), ड्रायर टाकला आणि दाराला दोन हात मारले.

वाळलं का ते बोट लावून पाहतात. माझं बोट परत आलं, ठसा दारातच राहिला. आठवड्यानेही तेच. मग पेन्सिलची चाचणी घेतली. ६बी सगळ्यांत मऊ, मग एचबी, वर ६एच. ज्या पेन्सिलने ओरखडा उठत नाही तेवढा थर कडक. नातवाच्या चित्रकलेच्या डब्यातल्या ६बीनेच दारावर नांगरट केली.

तोवर श्रावण लागला. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला आल्या. गल्लीतली पोरं गुलालाने माखून परतली आणि आमच्या दाराला टेकून गप्पा मारत उभी राहिली. निम्मा गुलाल आमच्याकडे आला, निम्मं वार्निश त्यांच्या पाठीवर गेलं. शेजारी म्हणाले, “काकाजी, आता कुलूप नका लावू. चोर आला तं चिपकूनच राहीन!”

हिने धुण्याच्या सोड्याने दार घासायला घेतलं. पाहतो तर फेस! राळेतल्या आम्लांचा सोड्याशी साबण होतो. रंग सोड्याला टिकतो का, ही कारखान्यातली रीतसर चाचणी असते. आमच्या ओसरीवर ती फुकटात पार पडली.

“मामा, या तेलात तळतात, हे सुकत नाही,” भाची शांतपणे म्हणाली. तेल वाळतं म्हणजे त्यातून काही उडून जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, रेणू एकमेकांत गुंततात, चक्क वजन वाढतं. त्यासाठी रेणूत दुहेरी बंध हवेत. ते आयोडीन मूल्यावरून कळतात: जवस १७० च्या वर, सरकी ११० च्या आसपास, एरंडेल ८५ च्या. जवसात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल, तीन-तीन दुहेरी बंधांचं. सरकीत ते नावापुरतं. म्हणजे डब्यात जे लवकर खवट होतं तेच दारावर घट्ट बसतं. (पांढऱ्या रंगाला मात्र जवस नको, पिवळं पडतं; तिथं करडई बरी. तीही वऱ्हाडात पिकते, माझा स्वाभिमान तिच्यावरही भागला असता.)

दार खरवडलं. उकळलेलं जवसाचं तेल, सुतार ज्याला बेलतेल म्हणतात, पातळ हाताने लावलं. यथावकाश बोट कोरडं परत आलं. त्याआधी, तेल लावून झालं त्याच दुपारी, मी ऐटीत सगळ्या चिंध्या बादलीत कोंबल्या आणि जेवायला बसलो. हात धुवायला उठलो तर बादलीतून धूर! ऑक्सिजन ओढताना तेल तापतं. पसरलेल्या फडक्याची ऊब निघून जाते, कोंबलेल्याची आतच साठते आणि काडी न लावता चिंधी पेट घेते.

तेव्हा घरी कोणी बेलतेल लावणार असाल तर चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. एकेक मोकळी पसरून उघड्यावर वाळवा, नाहीतर सरळ पाण्यात बुडवा.