ठणठणीत काका

विमा एजंटइतका आपल्या प्रकृतीवर विश्वास ठेवणारा माणूस जगात दुसरा नाही. डॉक्टर बीपी बघून भुवया उंचावतो, बायको लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवते. एजंट मात्र चहा पिता पिता प्रपोजल फॉर्मवर आपल्याला ठणठणीत करून टाकतो. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. ऑपरेशन? नाही. तुम्ही चाचरत म्हणता, ‘सकाळी अर्धी गोळी असते हो.’ तो म्हणतो, ‘काका, ती हल्ली कुणाला नसते? कशाला लिहायचं, उगाच हप्ता वाढेल.’ आणि पेन तुमच्या हातात देतो.

कंपनीही तेव्हा खोलात शिरत नाही. तिचं कुतूहल जागं होतं क्लेम आल्यावर. मग जुने केसपेपर, फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी, मेडिकलवाल्याची बिलं, सगळं हवं असतं. हप्ता घेताना ही संशोधक वृत्ती कुठे जाते कोण जाणे.

तरीही कोर्टात काकांचं फार चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेलं एक प्रकरण बघा. एका गृहस्थाने एका कंपनीचा ११ लाखांचा विमा घेतला आणि दोनच महिन्यांत दुसरीचा १० लाखांचा. दुसऱ्या फॉर्मवर ‘आधीचा विमा?’ या रकान्यात उत्तर होतं, ‘लागू नाही’. काही महिन्यांत ते गेले. लपवला होता तो आजार नव्हे, फक्त आधीची पॉलिसी. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन एजंटने तो भरला, हा बचावही टिकला नाही. सही तुमची, तर जबाबदारीही तुमची. दावा बुडाला. एजंटच्या कमिशनबद्दल विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

उलट, खरं सांगणाऱ्याचं काय झालं? एका प्रवाशाने परदेश प्रवासाचा विमा घेताना मधुमेह असल्याचं सांगितलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर हृदयविकाराने गाठलं, स्टेंट बसले. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं बोलला नाहीत! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीलाच सुनावलं: प्रकृती माहीत असताना पॉलिसी दिलीत, आता हात झटकता येणार नाहीत.

हे काही नवं नाही. दोन्ही बाजूंनी पत्ते उघडे ठेवावेत, हे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी लंडनमध्ये १७६६ साली सांगितलं. सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्यावरून तो खटला होता आणि तो जिंकला होता विमा घेणारा. कंपन्यांना नियम पाठ आहे, निकाल तेवढा आठवत नाही.

आता एजंट हळूच कानात सांगेल, ‘आयुर्विम्यात तीन वर्षं झाली की विमा कायद्याचं कलम ४५ आहे, कंपनी शंका घेऊच शकत नाही.’ बरोबर आहे. म्हणजे काकांनी फक्त तीन वर्षं मरायचं नाही. आरोग्य विम्यात हीच मुदत पाच वर्षांची, आणि तिथे फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण नाही.

तेव्हा काका, फॉर्म स्वतः भरा. अर्धी गोळीही लिहा. पॉलिसी घरी आली की सोबतची फॉर्मची प्रत चष्मा लावून वाचा, चुकीचं ‘नाही’ दिसलं तर कंपनीला लेखी कळवा. नाहीच पटलं तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. हप्ता थोडा वाढेल, तो भरा.