तळाच्या रंगाची तक्रार

शिडाच्या बोटीचा तळ रंगवायला घेतला की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: लाल देऊ की निळा? पाण्याखालच्या भागाचा रंग बघायला कोण जाणार आहे? विचारायला हवं ते हे की बोट किती चालते, पाण्याबाहेर किती महिने राहते आणि आधीचा कोट कशाचा आहे. यातलं एकही विचारलं जात नाही.

मुंबई बंदरात मूरिंगला बांधलेल्या बोटी पावसाळ्याआधी वर काढतात. क्युप्रस ऑक्साइडचे बहुतेक कडक रंग पावसाळाभर हवेत राहिले की वरच्या थरातल्या तांब्याचा जोर जातो आणि दर हंगामाला नवा कोट द्यावा लागतो. म्हणून हळूहळू झिजणारा रंग बरा. पण तो झिजायला पाणी तळावरून वाहावं लागतं. भरती-ओहोटीची ओढ थोडी मदत करते. फक्त रविवारी शीड उभारणाऱ्याच्या बोटीवर मात्र कील आणि सुकाणूच्या आडोशाला बार्नेकल बसायचे ते बसतातच. उन्हाळ्यातल्या आपल्या कोमट पाण्यात त्यांना फार दिवस लागत नाहीत.

हा रंग मिळतो जहाजांच्या मापात, 20 लिटरच्या डब्यात. पंचवीस फुटी बोटीला दोन कोटांना चारेक लिटर पुरे. उरलेला ठेवायचा कुठे? शिवाय तांबं जड, ते डब्याच्या तळाशी बसतं. नीट ढवळलं नाही तर पहिल्या बोटीला नुसतं पातळ पाणी आणि शेवटच्या बोटीला सगळं औषध. रंगाऱ्याला ढवळायला सांगितलं तर तो काडी दोनदा फिरवतो आणि रोलर बुडवतो. याचा मला मनापासून राग येतो, कारण हा दोष सहा महिन्यांनी, बोट वर काढल्यावरच दिसतो.

मग टेकू. बोट ज्या फळ्यांवर उभी असते, त्यांच्याखालचे चौकोन रंगाविना राहतात. टेकू सरकवून तिथेही दोन कोट द्यायचे आणि मध्ये सुकायला वेळ द्यायचा, हे यार्डाला सांगून सांगून थकायला होतं. त्यांचं उत्तर तयार असतं: अमावस्येची भरती उद्या दुपारी आहे, ती चुकली तर पौर्णिमेपर्यंत थांबा. रंग सुकण्याचा आणि उधाणाचा हिशेब एकत्र मांडायला कुणाची हरकत असते, हे मला कळत नाही.

सगळ्यात वाईट तक्रार घासण्याची. जुना कोट सुका घासतात. तोंडाला रुमाल बांधलेला पोरगा दिवसभर ती लाल धूळ श्वासात घेतो, आणि उरलेली ओहोटीबरोबर समुद्रात जाते. या रंगांनी काय होतं ते फ्रान्समधल्या आर्काशों उपसागराने दाखवलं आहे: तेव्हाच्या रंगांतल्या ट्रायब्युटिल टिनमुळे तिथल्या कालवांची पैदास ढासळली, शिंपले जाड आणि वेडेवाकडे झाले. फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींवर तो बंद केला. जगभरच्या बंदीचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. आज डब्यात तांबं आहे, तेही विषच. पाणी लावून घासा, खाली ताडपत्री अंथरा, पोराला चांगला मास्क द्या, गोळा झालेला गाळ वेगळा भरा. कोट लावण्याच्या मजुरीत हे धरा आणि बिलात स्वतंत्र लिहा, मी देईन.