पट्टायातले आजोबा दिवस मोजू लागले!

ऐकलंत का? पट्टायाच्या बारमध्ये हल्ली म्हणे कुणी कुणाच्या लफड्यांविषयी बोलतच नाही. सत्तरीतले इंग्रज, जर्मन, ऑस्ट्रेलियन आजोबा चष्मा नाकावर ओढून पासपोर्टातले शिक्के मोजत बसतात. १७७, १७८, १७९... की तडक विमानतळ! शिव शिव, या वयात!

भानगड आहे १८० दिवसांची. एका कॅलेंडर वर्षात तेवढे दिवस थायलंडात काढले, की माणूस करापुरता तिथलाच. (आपले एनआरआय १८२ ची जपमाळ ओढतात, तेव्हा आपण फार नाक मुरडायला नको म्हणा.) नियम जुनाच, पण पळवाट काय गोड होती! बाहेरची कमाई त्याच वर्षी देशात आणली तरच कर. मग मंडळी डिसेंबरात पैसे दाबून ठेवायची आणि जानेवारीत निर्धास्त मागवायची. सप्टेंबर २०२३ मध्ये थाई महसूल खात्याने ही फट बुजवली: १ जानेवारी २०२४ पासून केव्हाही आणा, हिशेब द्या. झाला गहजब! नोव्हेंबरात खुलासा आला, २०२४ च्या आधीची कमाई यातून वगळली. त्यासरशी ज्याला त्याला आपली जुनी शिल्लक आठवू लागली. कालपर्यंत हेच लोक ‘खिशात दमडी नाही’ म्हणून उधारीवर पीत होते हो!

‘माझा रिटायरमेंट व्हिसा आहे, मला कसला कर?’ असं छातीठोक सांगणारेही आहेतच. अहो, बँकेत आठ लाख बाट किंवा दरमहा ६५ हजारांचं उत्पन्न दाखवलं की पन्नाशीपुढच्या गोऱ्याला वर्षभर राहू देतात, इतकंच. व्हिसा इमिग्रेशनचा, कर महसूल खात्याचा. दोघांचं सोयरसुतक नाही. माफी मिळते ती २०२२ मध्ये आलेल्या एलटीआर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, व्हिसाच्या काही प्रकारांत. त्यातल्या ‘श्रीमंत पेन्शनर’ला साधारण वर्षाला ८० हजार डॉलर उत्पन्न लागतं. म्हणजे ज्याला कर सहज परवडेल, त्यालाच माफ! याला म्हणतात पाहुणचार.

बरं, एवढा आकांत कशासाठी? ६५ हजारवाल्या आजोबांचं वर्षाचं पेन्शन ७ लाख ८० हजार. सगळंच्या सगळं करपात्र धरू. पेन्शनवरची एक लाखाची वजावट, स्वतःची ६० हजारांची आणि पासष्टी ओलांडल्याची एक लाख नव्वद हजारांची सूट काढली, की उरले ४ लाख ३० हजार. त्यातले पहिले दीड लाख मोकळे. मग ५ टक्के, मग १० टक्के. कर साडेवीस हजार बाट! तो चुकवायला अर्धं वर्ष परदेशातल्या हॉटेलांत काढायचं? चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

पण खरी चविष्ट बातमी पुढेच. थायलंडात बायकोला वर्षाला दोन कोटी बाटपर्यंत दिलेली भेट करमुक्त असते. हे कळल्यापासून पत्नीप्रेमाला असं भरतं आलंय म्हणता! लग्नाच्या वाढदिवसाला ज्यांनी साधा गजरा आणला नाही, ते आता इंग्लंडातून थेट बायकोच्या खात्यावर पैसे पाठवतात. सल्लागार डोळे वटारतात: त्या पैशांतून तुमचंच भाडं नि तुमचीच बिअर भागली, तर त्याला भेट म्हणणं अवघड जाईल. म्हणून काही बायकांनी म्हणे नवऱ्यांना बजावलंय, भेट ती भेट, बिअर ज्याची त्याने प्यावी.