नेट रखडलंय? घरच्या घरी करून पाहा

साहित्य : एक लॅपटॉप, राउटरपासून येणारी लॅनची वायर, लोखंडी कपाट सरकवायला दोन माणसं. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे असं धरू.

पायरी १. राउटर बंद करून चालू करा. यामागचं शास्त्र विचारू नये. आईची मालिका रंगात आलेली असताना हा प्रयोग करू नये.

पायरी २. नेटवाल्याला फोन लावा. तो म्हणेल, "सर, आमच्याकडून ओके आहे. राउटर बंद करून चालू करा." ते केलंय हे सांगू नका, त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो.

पायरी ३. भांडायला जाण्याआधी भागाकार करा. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, डाउनलोडचा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिटांचा एक बाइट. २०० भागिले ८, म्हणजे २५. तेवढे दिसत असतील तर तुमचं नेट ठणठणीत आहे, चहा घ्या.

पायरी ४. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. नेट पूर्णच गेलं? मग वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा खटका पाहा. तो तुटला की वायर पोर्टमध्ये बसल्याचं नुसतं सोंग करते.

पायरी ५. वायरीवर स्पीड टेस्ट घ्या. काटा ९४ च्या आसपास येऊन थबकतोय? अभिनंदन, रोग सापडला. वायरीत आठ तारा असतात. हजाराच्या वेगाला आठही लागतात, शंभराला चारच पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली की राउटर आणि लॅपटॉप आपसांत मांडवली करून शंभरावर येतात, आणि वरखर्च जाऊन तुमच्या हाती ९४ पडतात. एकत्र कुटुंबासारखंच : चौघं राबतात, घर चालतं, म्हणून बाकीच्यांची चौकशी कुणी करत नाही. मात्र राउटरचं पोर्टच शंभराचं असेल, तर वायर निर्दोष समजावी.

पायरी ६. वायरीचा माग काढा. टीव्हीमागून, दाराच्या फटीतून, पायपुसण्याखालून ती शेवटी कपाटाच्या पायाखाली सापडेल, चपटी झालेली. कपाट सरकवा. खाली माळ्याची हरवलेली किल्ली आणि नोटबंदीआधीची पाचशेची नोट मिळेल. नोटेबद्दल घरात बोलू नका. ती कुणी लपवली होती यावर संध्याकाळ जाते.

पायरी ७. नवी कॅट-सिक्स वायर टाका. ती शंभर मीटरपर्यंत चालते. टू-बीएचकेत ही मर्यादा ओलांडायला प्रतिभा लागते. पुन्हा टेस्ट घ्या. १९० च्या वर आकडा दिसला की घरच्यांना दाखवा. कुणी मान वर करणार नाही.

पायरी ८. कपाट जागेवर ढकलण्यापूर्वी वायर कुठून गेलीय ते पाहा. पहिल्या आवृत्तीत ही पायरी नव्हती. तेव्हा मलाही ती ठाऊक नव्हती.