सोयाच्या वाटीतलं सोवळं

सोवळं आता घराघरांतून गेलं म्हणतात. गेलं कुठे? ते कल्याणीनगरात, आमच्या नेहमीच्या सुशी रेस्टॉरंटात राहायला आलं आहे.

तिथले आमचे उपाध्याय म्हणजे नाना. नानांचा मुलगा नागोयात नोकरीला, तेवढ्यावर नाना अधिकारी. निगिरी म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप; तिचा मासा सोयाला लावायचा, भाताला सोया शिवता कामा नये. वासाबी सोयात कालवायची नाही. आलं दोन घासांच्या मध्ये खायचं, तेही एकच काप. मागे वहिनींनी आल्याची अख्खी वाटी कोशिंबीर समजून संपवली, तेव्हा नानांनी डोळेच मिटून घेतले.

घरी वरणभात मनगटापर्यंत कालवणारे नाना इथे काड्यांशिवाय घास उचलत नाहीत. मग काडी सटकते, निगिरी वाटीत पालथी पडते, भात सुटतो आणि सोयाचा शिंतोडा शर्टाच्या दुसऱ्या बटणावर बसतो. आम्ही आदराने पाहत राहतो. वास्तविक निगिरी हाताने खाल्ली तर जपानात कोणी नाक मुरडत नाही. 1820च्या सुमारास एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, ती गाडीवर उभ्याउभ्या खायची वस्तू होती, आणि घासही आजच्यापेक्षा चांगला दणदणीत असे. हे सांगितल्यावर नाना म्हणाले, ‘‘गाडीवरचं आपल्याला चालत नाही.’’

नानांची आवडती ‘पारंपरिक’ डिश म्हणजे कच्चा सॅल्मन. आता जपानी लोक सॅल्मन खात होते, पण खारवून, भाजून. कच्चा नाही, कारण त्यांच्याकडच्या सॅल्मनमध्ये जंत निघत. 1980च्या दशकात नॉर्वेकडे पाळीव सॅल्मनचं उत्पन्न वाढलं, गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून त्यांनी जपानात जाऊन तो सुशीवर चढवला. म्हणजे ही परंपरा नानांच्या लग्नापेक्षा लहान.

गेल्या श्रावणात नानांची अलिबागची आत्या बरोबर होती. खायचा नसला तरी मासा कधीचा, हे तिने आधी विचारलं. कच्चा खायचा मासा पुष्कळदा उणे 20 अंशांत 7 दिवस गोठवतात, म्हणजे जंत मरतात, असं वेटरने कौतुकाने सांगितलं. कल्ले उचलून बघितल्याशिवाय पापलेटाचा भाव न विचारणारी आत्या काही बोलली नाही. नुसती नानांच्या ताटाकडे बघत राहिली.

मग तिने वासाबीचा हिरवा गोळा बोटाने चाखला. ‘‘मोहरी फेसलीय.’’ नाना जपानी वनस्पतीची माहिती देऊ लागले. पण खरी वासाबी महाग. जगभर बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांवरच भागवतात. आत्याच्या जिभेने घटकपदार्थांची यादी न वाचताच ओळखलं होतं.

श्रावण म्हणून आत्यासाठी काकडीचा रोल मागवला. त्याला कप्पामाकी म्हणतात, आणि तो अस्सल जपानी. बाकी टेबलावर क्रीम चीज, मेयोनेझ आणि नानांचा नॉर्वेजियन.

काउंटरमागच्या शेफला नाना दर वेळी कमरेत वाकून ‘अरिगातो’ म्हणतात. पोरगा दार्जिलिंगचा. आत्याने त्याला हाक मारली, ‘‘बाळा, काकडीचं आणखी एक दे. आणि ही मोहरी फार चढते रे नाकात.’’

‘‘सोयात कालवा ना, आत्या,’’ तो मराठीत म्हणाला, ‘‘मीपण तसंच खातो.’’

नानांनी बिल मागवलं.