हार्ड माउंट आणि पेणकरांची सहनशक्ती

दूरच्या संगणकावरील फाइली आपल्याच यंत्रावर असल्याचा भास देणाऱ्या एनएफएस प्रणालीत माउंट करताना, म्हणजे तो साठा जोडून घेताना, दोन पर्याय असतात: ठरावीक प्रयत्नांनंतर चूक कळवून मोकळा होणारा 'सॉफ्ट' आणि सर्व्हर उत्तर देईपर्यंत विनंती पाठवतच राहणारा 'हार्ड'. लिनक्सवर काहीच न निवडल्यास 'हार्ड' लागू होतो. मुंबई-गोवा महामार्गाचे पळस्पे-इंदापूर चौपदरीकरण 2011 पासून पाहणारे पेण-रोह्याचे नागरिकही बहुधा याच पर्यायाने जोडले गेले असावेत. फरक एवढाच की, सर्व्हर प्रतिसाद देत नसल्याची नोंद संगणक निमूटपणे करतो, तर महामार्गाला गणेशोत्सवाच्या तोंडावर नवी मुदत हे अपडेट मिळते आणि खड्डे तेवढे जुन्या आवृत्तीशी सुसंगत राहतात.